काट्याच्या माळावरच्या सवती

वैनी, तू गेलीस म्हणून मी वाद सोडलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो. माणूस मेलं की त्याचं सगळं खरं ठरवायचं, अशी आपल्या गावाची पद्धत आहे. काल-परवापर्यंत जी मंडळी तुला वेडी म्हणत होती, तीच तुझ्या तेरवीच्या पंगतीला मांडी घालून बसली आणि "लई शहानी बाई" म्हणत वरणाची वाटी पुढे करू लागली. मी तसं काही म्हणालो नाही. मी मुकाट्याने जेवलो. नरहरी मुकाट्याने जेवतो आहे, याचंच लोकांना जास्त नवल वाटलं.

आपला वाद वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून तुझ्या देखत पुन्हा मांडतो. मध्ये बोलू नकोस.

तुझं म्हणणं असं, की बाभळीचा आणि हिवराचा पाला तुरट असतो. तो शेळीच्या पोटात उतरला की आतल्या जंतांना तिथे राहणं नकोसं होतं, त्यांची पकड सुटते आणि ते लेंडीवाटे बाहेर पडतात. माझं म्हणणं असं, की पाल्यात काही जादू नाही. झाडाचं खाणारी शेळी मान वर करून खाते. जंत राहतात खाली, ओल्या गवताच्या बुडाशी, सकाळच्या दहिवरात. तोंडच तिथे गेलं नाही तर जंत पोटात येणार कुठून? यावर आपण उभा जन्म भांडलो. ओसरीवर भांडलो, कळमनुरीच्या बाजाराला जाताना बैलगाडीत भांडलो, दादाच्या आजारपणात त्याच्या खाटेच्या दोन बाजूंना बसून भांडलो. दादा म्हणाला होता, "मी जरा मरून घेतो, मंग तुमी निवांत भांडा." तो बोलल्याप्रमाणे वागला. आपणही वागलो.

तू पुसेगावाकडून लग्न होऊन आलीस तेव्हा मला नुकती मिसरूड फुटली होती. तुझ्यासोबत माहेराहून एक काळी शेळी आली होती, आणि तुझी बोली आली होती. आमच्या गावात कुणी "काहून" म्हणत नव्हतं असं नाही, पण तू ज्या तऱ्हेने म्हणायचीस त्यात समोरच्याचा अर्धा जीव जायचा. पहिल्या दिवसापासून तू मला "भावजी" आणि "तुमी" म्हणालीस, आणि त्याच अदबीने माझा उद्धार केलास. "भावजी, तुमी काहून रिकामे बसून राहिले? उठा जी, तुमाला बसलेलं पाहून माझं दूध नासून राहिलं." इतक्या मानाने झालेला अपमान मी नंतर कुणाकडून करून घेतला नाही.

आणि तुझी ती सवय! शेळी असो, वासरू असो, माणूस असो, तुझा अंगठा आधी त्याच्या डोळ्याकडे जायचा. खालची पापणी ओढायची आणि आतला रंग पाहायचा. लाल असली तर अंगात रक्त आहे. फिकी पडली तर आतून कुणीतरी पितं आहे. माझ्यासाठी मुलगी पाहायला आपण शिरड शहापूरला गेलो होतो. पाव्हणे पोहे खात होते, मुलगी खाली मान घालून बसली होती, तिची आई स्वयंपाकाचं कौतुक सांगत होती. तू उठलीस, सरळ मुलीसमोर बसलीस आणि तिची पापणी खाली ओढलीस. तिच्या आईच्या हातातलं ताट वाजलं. तू वळून म्हणालीस, "लाल हाये. करा लगीन." माझी बायको अजून सांगते, "मला पसंत केलं ते यांनी न्हाई, यांच्या भावजयीच्या अंगठ्यानं."

त्या एका काळ्या शेळीचा कळप झाला. गावातल्या सगळ्यांच्या शेळ्या दिवस उजाडला की सुटायच्या. तुझ्या दावणीलाच उभ्या. ऊन चढेपर्यंत, गवतावरचं दहिवर वाळेपर्यंत तू त्यांना सोडायची नाहीस. बायका पाण्याला जाताना टोमणे मारायच्या, "काय गं, शेळ्यांची न्याहारी व्हायची हाये का?" मग तू निघायचीस ती काट्याच्या माळाकडे, जिथे दुसरं कुणी जात नव्हतं. बाभळी, हिवर, खैर, बोरी, मधे पळस. खाली दगड. हातात तुझी आकडी, म्हणजे लांब बांबूला बांधलेला विळा. फांदी ओढायचीस, पाला खाली यायच्या आत शेळ्या मागच्या पायांवर उभ्या. आणि माळाकडे वळताना तुझी ती हाक, जी साऱ्या शिवारात ऐकू यायची:

"याऽऽ गं सवतींनो! माळ वाट पाहून राहिला!"

दादा असेपर्यंत त्या हाकेवर गाव हसायचं. दादा गेल्यावर मीच तुला एकदा विचारलं, की आता सवत कोणाच्या नावाने म्हणतेस? तू पाला ओढता ओढता म्हणालीस, "नवरा गेला. सवती ऱ्हायल्या. कोणाच्या नशिबी येतं असं?"

त्या हाकेची मी नक्कल करायचो. जत्रेत बायांची सोंगं घेणारा माणूस मी. तुझा आवाज तर मला झोपेतही यायचा. पांदीत, दोन कुंपणांमधल्या वाटेत, लपून मी एकदा हाक दिली आणि तुझा अख्खा कळप तुला सोडून माझ्याकडे धावत आला. तू आकडी घेऊन माझ्यामागे ओढ्यापर्यंत पळालीस. वर म्हणालीस, "आवाज चोरला, चोरा. अक्कल कधी चोरसान?"

तुझी अक्कल मी सगळीच चोरली नाही, हे बरं केलं. एका साली तुझ्या मनात आलं, की सीताफळाचा पालाही जंतांवर चालेल. तू ओझं बांधून आणलंस. शेळ्यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. तू त्यांच्यासमोर उभी राहिलीस आणि त्यांना लाज वाटावी म्हणून स्वतः एक पान चावलंस. तुझं तोंड जे वाकडं झालं, ते पाहून काशी, तुझी म्होरकी शेळी, दोन पावलं मागे सरकली. आणि पळसाच्या बिया? शेळ्यांना देण्याआधी किती द्यायच्या ते पाहायला म्हणून गुळात घालून तू त्या मला खाऊ घातल्यास. "गोड हाये, खा." तो दिवस मी निवडुंगाच्या कुंपणामागे काढला. संध्याकाळी तू मोठ्या आपुलकीने विचारलंस, "भावजी, पडले का?" मी त्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही.

आता कुरणाचं सांगतो. त्यासाठीच हे लिहायला बसलो.

ओढ्याकाठचं जागीरदाराचं कुरण आम्ही लहानपणापासून कुंपणाबाहेरून पाहिलं. हिरवंगार, गुडघाभर, मऊ. आत कुणाची शेळी गेली की राखणदार शेळी धरायचा आणि धन्याला फोडून काढायचा. माणिकरावाच्या बापाला त्याने गावासमोर मारलं होतं, एका पाटीसाठी, शेळीच्या एवढ्याशा पिलासाठी, जी अजून नीट चरायलाही शिकली नव्हती. तेव्हा लहान असलेला माणिकराव ते पाहत उभा होता. मोठा झाल्यावर तो सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेला, लढला, आणि यंदा पावसाळा सरता सरता जुनं राज्य उलथवायला फौजा आल्या तेव्हा गावात परतला. त्याने पहिलं काम केलं ते कुरणाचं फाटक उखडण्याचं. मी तिथे होतो. मीही एक बाजू धरून ओढली. फाटक पडलं तेव्हा जो आवाज झाला, तसा आवाज आपल्या गावाने कधी ऐकला नव्हता. वाजंत्री लावून गावातल्या शेळ्या आत सोडल्या. म्हातारी माणसं गवतात बसली आणि नुसती गवतावरून हात फिरवत राहिली.

आणि तेवढ्यात पांदीतून तू. तुझ्या शेळ्यांसह. माळाकडे.

माणिकरावाने प्रेमाने हाक मारली. "वैनी, अहो इकडं! आता कुणाचं भ्या न्हाई. कुरण आपलं हाये."

तू थांबलीस. "कुरण तुमचं हाये, घ्या की, माणिकराव. पन पोट माझ्या शेळ्यांचं हाये. ह्या ओल्या गवतात म्या त्यांला सोडणार न्हाई."

कुणीतरी मागून म्हणालं, "हिला जागीरदाराची सय येऊन राहिली." लोक हसले. तूही हसलीस, पण आकडी जरा जोरात टेकवलीस. त्या दिवसापासून तू स्वातंत्र्याच्या विरुद्ध झालीस. गावाने फार विचार केला नाही. कुरणात न जाणारी एकच बाई, म्हणजे तिला जुनं राज्य गोड वाटतं. झालं.

दिवाळीपर्यंत कुरणातल्या शेळ्यांना गळे सुटले. जबड्याखाली मऊ, गुबगुबीत फुगवटा. लोक खूश. "कुरण मानवलं! गळा कसा भरला पाहा!" जन्मभर हाडं मोजता येतील अशी जनावरं पाळलेल्या माणसांना सूज आणि मांस यातला फरक कुठून कळावा? त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शेळीचा गळा भरलेला पाहिला होता. माणिकरावाचा बोकड जत्रेसाठी राखलेला, त्याचा गळा तर सगळ्यात मोठा. त्याला झेंडूची माळ घातली होती. लोक त्याला हात लावून जात होते.

तुझ्या शेळ्यांच्या गळ्याखाली काही नव्हतं. बायका म्हणाल्या, काट्यावर काय भरणार?

पहिल्यांदा आतलं पाहिलं ते रहीमभाईने. आपला रहीमभाई बाजारात शेळ्या घेतो आणि गावात कापतो. कुरणातली एक शेळी पडायला आली म्हणून त्याच्याकडे आली. त्याने पोट उघडलं तर आत लाल-पांढऱ्या पिळाचे बारीक दोरे, हलणारे. तो ते थाळीत झाकून तुझ्याकडे घेऊन आला. मी ओसरीवर होतो. तू पाहिलंस आणि म्हणालीस, "चला चावडीवर. तुमी दाखवा, म्या बोलते."

रहीमभाईने थाळी पुन्हा झाकली. "भाभी, तुमचं बराबर हाये. पन या दिवसांत मी कुरणाच्या विरुद्ध तोंड उघडू?"

तू थाळीचं झाकण नीट बसवलंस. मग म्हणालीस, "नका उघडू. माझं तोंड दोघांला पुरतं."

आणि तू एकटी गेलीस. मी मागे आलो, पण बोलणारी तूच होतीस. चावडीवर बोकड बांधलेला, माळ घातलेला, भोवती माणसं. तू कुणाला काही न विचारता त्याची पापणी ओढलीस.

"पहा. चुना. गळा भरला न्हाई याचा, पानी साचून राहिलं. आतून जंत रगत पिऊन राहिले. काढा यांला कुरणातून. दहिवर वाळल्याबिगर सोडू नका. माळावर आणा, म्या पाला ओढून देते, सगळ्या गावाला देते."

माणिकराव शांतपणे म्हणाला, "वैनी, जनावर देवाचं हाये. अभद्र बोलू नका."

"अभद्र म्या बोलून राहिले? पापणी बोलून राहिली!"

बोकड जत्रेपर्यंत टिकला नाही. मग तू दृष्ट लावलीस असं झालं. माणिकराव तसं कधी म्हणाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगतो. पण लोक म्हणत होते तेव्हा त्याने अडवलंही नाही. त्याला कुरण हरायला नको होतं. मी त्याला समजू शकतो. बापाच्या पाठीवरचे वळ ज्या गवतासाठी उठले, ते गवतच वाईट निघावं, हे कोणत्या पोराला सोसेल? समजू शकतो, क्षमा करायची की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

मग तुला ताप आला. तू खाट अंगणात घ्यायला लावलीस, दावण दिसेल अशी. शेवटच्या दुपारी मी उशाशी बसलो होतो. तू हात वर केलास, मला वाटलं पाणी हवं आहे. तू माझी पापणी ओढलीस.

"लाल हाये," म्हणालीस. "तुमाला लई बोलायचं हाये अजून."

तुझी पापणी ओढून पाहायचं माझ्या हातात होतं. मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, ती आता सांगतो. माझ्या थोरल्या लेकीच्या वेळी माझ्या बायकोला दूध आलं नाही, तेव्हा ते लेकरू काशीच्या आईच्या दुधावर जगलं. तू रोज सकाळी वाटी आणून ठेवायचीस आणि काही न बोलता जायचीस. तुझ्या जन्मात तू काही न बोलता केलेली ही एकच गोष्ट. मी आभार मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "बाभळीचं दूध हाये ते, भावजी," आणि वाद माझ्या हातातून गेला असता.

तेरवीच्या दिवशी तुझा रामा माझ्याकडे आला. पोरगं वाळून गेलं आहे. म्हणाला, "काका, उद्यापासून शेळ्या कुरणात घालतो. मायला गाव बोललं, तिनं झेललं. मला न्हाई जमणार. मला ह्याच गावात ऱ्हायचं हाये."

"आणि शेळ्या?"

"लोकांच्या मरतील तशा मरतील," तो म्हणाला, आणि रडला.

त्याचं काय चुकलं? तो तुझा मुलगा आहे, तू नाही. पण मी तर तुझा मुलगा नाही, आणि मला गावात कोण काय म्हणतं याची सवय आहे. मी साडी नेसून जत्रेत नाचलेला माणूस आहे, वैनी. माझी अब्रू कधीच माझ्याकडे नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांदीच्या तोंडाशी, जिथून एक वाट ओढ्याकडे फुटते आणि एक माळाकडे, तिथे रामा कळप घेऊन आला. माणिकराव आणि चार माणसं त्याला सामावून घ्यायला उभी. गवत दहिवराने चकाकत होतं. काशीने पहिलं पाऊल ओढ्याच्या वाटेवर टाकलं.

मी निंबाच्या मागे होतो. छाती भरून घेतली.

"याऽऽ गं सवतींनो! माळ वाट पाहून राहिला!"

पाणी नेणाऱ्या बाया जागच्या जागी थिजल्या. एकीच्या डोक्यावरची घागर पडली. काशीचे कान उभे राहिले. ती वळली, आणि तिच्यामागे अख्खा कळप, रामाच्या पायांमधून, माणिकरावाच्या धोतराला घासत, धूळ उडवत माळाच्या वाटेला लागला.

मी आकडी खांद्यावर घेऊन बाहेर आलो. माणिकरावाचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "नरहरी, सोंग जत्रंत घे. बाई मेली हाये. थट्टा नको."

ते मला लागलं. म्हणून उत्तर मी दिलं नाही, तू दिलंस.

"थट्टा कोन करून राहिलं जी? माणिकराव, पापणी दाखवा!"

आणि वैनी, देवाशपथ सांगतो, त्याचा हात डोळ्याकडे गेला. आपोआप. हसली ती आधी घागर पडलेली बाई, मग रामा, मग सगळे. मग मी माझ्या आवाजात बोललो. म्हटलं, "कुरण आपलंच हाये, माणिकराव. फाटक मीबी वढलं. पन आपलं हाये म्हनून आजच, ओलंच, बुडापासून खाल्लं पाह्यजे असं कुठं हाये? गवत वाळू द्या, कापू, घरी आणू. न्हाई म्हणायची मुभा न्हाई, तर ते आपलं कसलं?"

माणिकराव वळला. त्याच्या शेळ्या त्या दिवशीही कुरणात गेल्या. मात्र परवा त्याची बायको आकडी उसनी मागायला आली. मी दिली नाही. म्हटलं, शेळ्या घेऊन चला सोबत, मी ओढतो पाला. ती "इचारून सांगते" म्हणून गेली आहे. काल रहीमभाईने माझ्या ओसरीवर एक नवा, चांगला तासलेला बांबू आणून टेकवला आणि निघून गेला.

पण तुला सांगायचं ते त्या सकाळचं आहे. शेळ्या माळावर पोचल्या आणि कुणी खाईना. त्या तुला शोधत होत्या. काशी त्या हिवराखाली गेली, जिथे तू भाकरी सोडायचीस. दगडाचा वास घेतला. मग वळून तिने माझ्याकडे पाहिलं. जत्रेत माझं सोंग पुष्कळदा पकडलं गेलं आहे, पण प्रेक्षकांनी असं कधी पाहिलं नव्हतं. मला तिथे आवाज काढता येईना. तुझा नाही आणि माझाही नाही.

मग मी आकडी उचलली. बाभळीची फांदी तोडली आणि मुद्दाम जमिनीवर टाकली. पुन्हा एक. वर धरली नाही. आता माझ्या हाताखाली तुझ्या सवती मान खाली घालून खातात. पाला तुझा, मान माझी; मान खाली असूनही पापणी लाल राहिली, तर गुण पाल्याचा. तू म्हणशील, माळ कोरडा आहे, दगडावर जंत कुठून येणार, यात काय सिद्ध होतं? म्हण. मी रोज खालीच टाकणार.

काशीची पापणी आज सकाळी ओढून पाहिली. लाल आहे. तू जिंकलीस असं माझ्या तोंडून ऐकायचं असेल, तर खाली ये.